पगार घेणारी ताई आणि फुकट राबणारे नाना

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी भुसावळचा. मागच्या वर्षी रेल्वेतून मेल गार्ड म्हणून निवृत्त झालो. (पदाचं नाव आता ट्रेन मॅनेजर झालंय, पण आम्ही गार्डच.) मुलगा-सून पुण्याला असतात. घरात बसून अंगाला गंज चढू नये म्हणून आमच्या भागातल्या स्वयंसेवक केंद्रात नाव घातलं. हे केंद्र लोकांना दवाखाना, शाळा, वृद्धाश्रम, रक्तदान अशा कामांना लावून देतं. तिथे तीन माणसं पगारी आहेत : समन्वयक म्हणून एक ताई, वय असेल अठ्ठावीस-तीस, हिशेब बघणारा एक मुलगा, आणि एक मावशी.

मला मुलांना इंग्रजी शिकवायचं होतं. ताईंनी आधी चार पानी फॉर्म भरून घेतला, ओळखीच्या दोन माणसांचे नंबर मागितले, वर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणायला लावला. आयुष्यभर हजारो प्रवाशांची गाडी माझ्या ताब्यात होती, आता मी चांगल्या चालीचा आहे हे पोलिसांनी सांगायचं? एवढं करून महिना झाला, मला रक्तदात्यांना फोन लावायला बसवलंय. आमच्या बॅचच्या लोकांनी एका रविवारी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत वह्या वाटायला जायचं ठरवलं, तर ताई नाही म्हणाल्या. परवा २० मिनिटं उशीर झाला तर 'काका, कळवायचं होतं ना' असं चारचौघांत ऐकवलं. चहासुद्धा वेळेवर मिळत नाही. आम्ही फुकट राबतो, ते पगार घेतात (ताईंना १४,००० मिळतात असं कळलं) आणि हुकूमही तेच सोडतात. याला सेवा म्हणायचं का? सोडून द्यावं असं वाटतं. शिवाय एक शंका : माझं वय ६१, मी स्वतः रक्त देऊ शकतो का? रेल्वेच्या शिबिरांत पूर्वी बऱ्याचदा दिलंय.

– नाना, भुसावळ

उत्तर

नाना, नमस्कार.

सोडू नका. निदान अजून दोन महिने तरी नाही. तुमच्या तक्रारींपैकी एक अगदी खरी आहे, एक निम्मी खरी आहे आणि बाकीच्यांवर मी तुमच्याशी भांडणार आहे. सुरुवात चहापासून करते.

'चहासुद्धा वेळेवर मिळत नाही' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तेच खटकलं. जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच संस्थांमधून माझं येणं-जाणं झालंय आणि हा प्रकार सगळीकडे पाहिलाय. सेवा करायला आलेला माणूस दार उघडून आत येतो, पंख्याखालची खुर्ची धरतो आणि पहिलं वाक्य काढतो : 'मावशी, चहा टाका जरा.' असे दिवसाला दहा-बारा जण. मावशींना नेमलेलं असतं केंद्र उघडायला, झाडायला, पाणी भरायला, आलेल्याला बसवायला. चहा त्या आपणहून करतात, आणि मग कपबश्यांचा ढीगही त्याच धुतात. स्वयंसेवकाने आणखी एका माणसाचं काम वाढवून ठेवलं, तर त्या दिवशीच्या जमाखर्चात सेवा नेमकी किती उरली?

आणि दुपारी ताई बाहेर गेलेल्या असताना जी माणसं येतात, रुग्णाचा भाऊ, वृद्धाश्रमाचा पत्ता विचारणारी सून, ती पहिल्यांदा मावशींशीच बोलतात. कोण खरंच अडलेलं आहे आणि कोण नुसतं चौकशीला आलंय हे त्या माणसाच्या बसण्यावरून ओळखतात. तुम्ही पत्रात तिघांपैकी कुणाचंही नाव लिहिलं नाहीत, ते चांगलंच केलंत. पण मला आपली शंका आहे, मावशींचं नाव तुम्हाला ठाऊक आहे ना? नसेल तर सोमवारी विचारा. चहा स्वतः टाका, एक कप त्यांनाही द्या आणि पातेलं विसळून पालथं घाला.

आता पगार. तो आकडा तुम्हाला कुणी सांगितला हे मी विचारत नाही, आपल्याकडे दुसऱ्याचा पगार न विचारताच कळतो. पण तुमची पेन्शन त्याहून किती जास्त आहे ते मनातल्या मनात मोजून बघा. तुम्ही फुकट काम करू शकता, कारण तुमच्या घरखर्चाची सोय दर महिन्याला आधीच झालेली असते. त्या मुलीची तशी सोय कुणी केलेली नाही. घरभाडं, किराणा, धाकट्या भावाची फी, जे काही असेल ते तिला याच १४,००० मधून भागवायचं आहे. पगार घेतला म्हणून तिच्या कामातली माया कमी होत नाही. सरकारी दवाखान्यातली नर्स पगार घेते म्हणून ती रुग्णाची सेवा करत नाही असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

शिवाय एक साधी गोष्ट. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास जात असाल. नातवाचा वाढदिवस आला की चार दिवस पुण्याला. तब्येत नरम वाटली की सुट्टी. त्यात काही गैर नाही, स्वयंसेवकाचा तो हक्कच आहे. पण केंद्राचं दार रोज उघडायला लागतं. तुम्ही येत नाही त्या दिवशी तुमच्या जागी कोण बसवायचं, त्या माणसाला कुठलं काम झेपेल, त्याला जायला गाडी आहे का, हे बघायला कुणीतरी रोज तिथे हजर असावं लागतं. आणि रोज हजर राहणाऱ्या माणसाने खायचं काय, याचं उत्तर पगार हेच आहे. फुकट येणाऱ्यांच्या जिवावर केंद्र चालतं हे खरं, पण त्यांचं येणं वाया जाऊ नये म्हणून ते पगारी माणूस ठेवतं.

हुकमाचं म्हणाल तर तुम्हाला रेल्वेतलंच सांगते. कंट्रोल ऑफिसात बसलेला सेक्शन कंट्रोलर एकही गाडी चालवत नाही. प्रवाशांना तो कोण हेही माहीत नसतं. तरी कुठली मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची आणि कुठल्या एक्सप्रेसला आधी सोडायचं हे तोच ठरवतो. नोकरीत तुमच्याहून कितीही धाकटा असला तरी तुम्ही त्याचं ऐकत होतात, कारण तुम्हाला ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या डब्यातून, तुमचीच गाडी दिसायची आणि त्याच्यासमोर सगळा सेक्शन असायचा. आणि नव्या सेक्शनवर स्वतंत्र ड्युटी लागायच्या आधी लर्निंग रोडच्या फेऱ्या केल्या असतीलच ना? माहितगार माणसाबरोबर जाऊन चढ-उतार, सिग्नल, गेट डोक्यात बसवायचे आणि मगच हा रस्ता मला माहीत आहे म्हणून सही करायची. तेव्हा नाही तुम्हाला अपमान वाटला. फोनवर बसवलेला हा महिना त्यातलाच समजा.

तुमच्या ताईंसमोरचा सेक्शन कसला आहे तेही ऐका. अशी कामं करणाऱ्यांच्या डोक्यात एक वेगळंच पंचांग असतं. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजची पोरं परीक्षेत अडकलेली. त्याच दिवसांत बायका बिबडे, पापड, कुरडयांच्या मागे, गच्चीवर वाळवण पडलेलं असताना कोण येतंय! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जाणार म्हणजे जाणार, आणि सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) नवं सालही तेव्हाच ठरायचं असतं, म्हणून त्या आठवड्यात शेतकरी घरांतून कुणी मिळत नाही. जूनमध्ये एक बरा पाऊस झाला की शेतीवाले गायब. श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाचा रविवार. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी. शिक्षक मंडळी मे महिन्यात मोकळी, पण तेव्हा शाळाच बंद. जळगावला अप-डाऊन करणाऱ्यांना फक्त रविवार, आणि रविवारी दवाखान्याची ओपीडी नाही. एनएसएसच्या (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांत २४०. तास कमी पडतायत हे लक्षात आलं की ती शेवटच्या महिन्यांत घोळक्याने येतात आणि एकाच दिवशी पन्नास जणांना काम शोधून द्यावं लागतं. लांबच्या गावाला माणूस पाठवायचा तर एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा प्रवासखर्च वाचतो, हेसुद्धा ताई हिशेबात धरत असणार. हे सगळं जुळवून मंगळवारी वृद्धाश्रमात दोन माणसं वेळेवर पोचतात. तुम्हाला दिसतात ती फक्त ती दोन माणसं.

फोनचं काम हलकं वाटतंय ना तुम्हाला? यावर मात्र मी जरा लांबण लावणार आहे.

साठवलेल्या रक्ताला मुदत असते. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम ५ दिवस. म्हणजे थंडीत भरपूर शिबिरं घेऊन उन्हाळ्यासाठी रक्त राखून ठेवता येत नाही. आणि आपला उन्हाळा कसला असतो ते मी भुसावळच्या माणसाला काय सांगू! पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कॉलेजं बंद असतात, त्यामुळे शिबिरं रोडावतात. लग्नसराईत लोक गावोगावी गेलेले. पण थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं म्हणजे लागतंच, त्याला मे महिन्याची सुट्टी नाही. अशा वेळी रक्तपेढीला आधार असतो तो केंद्राच्या वहीतल्या यादीचा. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, बाईला १२० दिवस. यादीतल्या कुणाची मुदत कधी भरते हे पाहून फोन करायचा. आधी केला तर तो माणूस वैतागतो, उशिरा केला तर तो दुसरीकडे कुठे देऊन मोकळा झालेला असतो.

आणि फोनवर बोलणं ही कला आहे, नाना. कॉलेजातली मुलगी फोन लावते आणि कागदावरचं वाचून दाखवते : 'नमस्कार, मी अमुक केंद्रातून बोलतेय.' पलीकडच्याला वाटतं बँकेचा फोन, तो ठेवून देतो. तुम्ही आयुष्यभर माणसांत वावरलात. अमळनेर-पारोळ्याकडच्या माणसाला 'काय भो, बरं शे ना?' म्हणून सुरुवात केलीत, यावल-रावेरच्या माणसाशी लेवा बोलीत चार वाक्यं बोललात, तर तो फोन ठेवणार नाही. मला तर वाटतं, ताईंनी तुम्हाला मुद्दाम तिथे बसवलंय. पैज लावत नाही, पण विचारून बघा.

एक युक्तीही सांगते. यादीत नावापुढे एक मोकळा रकाना ठेवा आणि प्रत्येक बोलण्यातलं कामाचं तेवढं टिपा : 'केळीचा माल निघतोय, सकाळी फोन नको', 'मुलगी बाळंतपणाला आलीय, पंधरा दिवसांनी', 'मागच्या वेळी चक्कर आली होती, बरोबर कुणी हवं'. महिन्याभरात ती वही नुसत्या नंबरांची राहणार नाही. तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी बसलं तरी त्याला ती उपयोगी पडेल.

साने गुरुजींचं नाव घेतलं की आपल्याकडे वाद संपतो, म्हणून मी ते जपून घेते. इथे घेते आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. केलेला, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवलेला हा माणूस. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. तुमच्या घरापासून फैजपूर काही लांब नाही, जुन्या लोकांकडून ऐकलं असेल. त्या अधिवेशनासाठी गुरुजी राबराब राबले आणि तिथे त्यांनी मैला वाहण्याचं, सफाईचं काम केलं. व्याख्यान देतो म्हणाले असते तर त्यांना कुणी नको म्हटलं नसतं. तिथे गरज सफाईची होती.

आता फॉर्म आणि पोलिसांचा दाखला. तुम्ही सरळ माणूस आहात हे पत्रावरून मलाही कळतं. पण तुम्हाला लहान मुलांत जायचं आहे, आणि वाकड्या हेतूचा माणूससुद्धा फॉर्मवर स्वतःला सरळच म्हणवतो. तुमच्यासारख्या चेहऱ्याने ओळखीच्या माणसाला सूट दिली, तर पुढच्या वेळी 'त्यांना नाही विचारलं, मलाच का?' असं ऐकून घ्यावं लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यामुळे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) मुलांच्या बाबतीत काही वावगं घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, गप्प बसणारा स्वतःच अडकतो. म्हणून शहाणी केंद्रं माणूस मुलांत पाठवायच्या आधीच चौकशी करतात. कामाच्या जागी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तुमच्या केंद्राला लागू आहे. त्यात कर्मचारी म्हणजे फक्त पगारी नव्हे, विनामोबदला काम करणारी स्वयंसेविकाही आली. हे मी तुम्हाला धाक घालायला सांगत नाही. तुमच्याच वयाचे काही काका 'मुलीसारखी आहेस' म्हणत खांद्यावर हात ठेवतात, रात्री अकराला 'गुड नाइट'चे मेसेज पाठवतात, आणि त्या मुली ते मुकाट्याने सोसतात, कारण काका फुकट येतात ना! तुम्ही त्यातले नाही. पण दाखला मागायची सवय असलेल्या केंद्रात काकांना अशी मोकळीक मिळत नाही. त्याचा तुम्हाला राग न येता हायसं वाटायला हवं.

आश्रमशाळेच्या बेतावर ताई नाही म्हणाल्या ते बरोबर केलं. शासकीय आश्रमशाळेत मनात आलं म्हणून जीप काढून जायचं नसतं, मुख्याध्यापकांना आणि यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला विचारावं लागतं. तो झाला कागदाचा भाग. खरी अडचण वेगळी आहे. रस्त्याजवळच्या आश्रमशाळांत वह्या वाटणारे पुष्कळ येतात. पोरांचा सुट्टीचा रविवार, त्यांना ओळीत बसवायचं, पाहुण्यांसाठी गाणं म्हणायला लावायचं, वह्या हातात देताना फोटो, केळी-चिवडा, आणि चार वाजता परत. आतल्या पाड्यांवरच्या शाळेत मात्र कुणी फिरकत नाही. ती मुलं घरी पावरी बोलतात, कुणी भिलाली, कुणी तडवी. शाळेत आल्यावर मराठीशी झगडतात, त्यावर इंग्रजी. त्यांना वह्या सरकारकडून मिळत नाहीत असंही नाही. त्यांना हवा असतो पुन्हा येणारा माणूस. तुमच्या बॅचमधल्या चौघांनी 'सहा महिने, महिन्याचे दोन शनिवार, पाचवीच्या वर्गाला गोष्टी वाचून दाखवू' असं लिहून दिलं, तर बघा ताई कशी धावपळ करून परवानगी आणतात ते. आणि वह्यांसाठी गोळा झालेले पैसे वाया जायला नकोत. काय लागतंय ते शाळेला विचारून घ्या. कदाचित वह्यांऐवजी चपला निघतील.

ते पैसे केंद्रात भरलेत तर हिशेबाच्या मुलाकडून पावती घ्या. देणगीवर करसवलतीची (८०जी) मान्यता असलेल्या संस्थेला २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर करात सूट मिळत नाही, म्हणून चेकने द्या. तो मुलगा दिवसभर कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून काय करतो असं तुम्हाला वाटत असेल. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याला जावं लागतं, ऑडिट असतं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज असतो. त्याच्याविषयी एवढंच पुरे. तो गप्प बसून काम करतो आणि त्याला ते आवडतही असावं.

उशिराचं ऐकून मला हसू आलं, माफ करा. गार्डाच्या तोंडी 'फक्त २० मिनिटं'! पण इथे तुमचं निम्मं बरोबर आहे. चारचौघांत बोलायला नको होतं. वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घेऊन सांगता येतं, आणि समन्वयकाला ते जमायला हवं. हे तुम्ही त्यांना सांगा, मनात ठेवू नका. फक्त आधी त्या २० मिनिटांत काय झालं होतं ते विचारून घ्या. समोर कुणी रक्तासाठी ताटकळत बसलेलं असेल तर त्यांचा आवाज का चढला ते कळेल.

आणि तुमची अगदी खरी तक्रार आता. महिना झाला आणि फोनवर किती दिवस बसायचं, शाळेत कधी जायचं, की जायचंच नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ही केंद्राची चूक आहे. तुमच्यासारखा माणूस 'मला इंग्रजी शिकवायचंय' म्हणून आला, तेव्हाच ताईंनी सांगायला हवं होतं : अमुक दिवस इथे, मग अमुक शाळेत, आणि शाळेने नाही म्हटलं तर दुसरं काय. तीन माणसांत शंभर कामं असली की हे राहून जातं. राहून गेलं म्हणून ते चालेल असं नाही. चांगले स्वयंसेवक बहुतेक याच कारणाने गळतात. भांडत नाहीत, नुसते यायचे थांबतात.

म्हणून सोमवारी पंधरा मिनिटं मागून घ्या. सगळ्यांसमोर नको आणि फोनवरही नको. बोलायचं काय ते लिहून देते, हवं तर तुमच्या शब्दांत बोला : 'ताई, मी ३० तारखेपर्यंत फोनचं काम नीट करतो. वहीत टिपणंही ठेवतो. त्यानंतर मला कुठल्या शाळेत पाठवणार ते आज ठरवू या. शाळेत जायला माझं काय कमी पडत असेल तर ते सांगा, मी तयारी करतो. आणि एक विनंती, चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा.' एवढंच. पगाराचा विषय काढू नका. रेल्वेतल्या नोकरीचाही नको.

एक मात्र लक्षात ठेवा. शिकवायला पाठवतील तेव्हा बघा, तुम्हाला वर्गात मदतीला घेतायत की रिकाम्या पदावर बसवतायत. शिक्षकाची जागा भरायची टाळून तिथे फुकटचे नाना बसवले जात असतील, तर ते बी.एड. होऊन घरी बसलेल्या एखाद्या पोराच्या पोटावर येतं. दवाखान्यात वॉर्डबॉयचं काम स्वयंसेवकांकडून करून घेतात तेव्हाही असंच. असं दिसलं तर ताईंना सांगा, त्याही तुमच्याच बाजूने बोलतील असा माझा अंदाज आहे. देणगीची पावती मिळत नसेल, किंवा काम मिळवून देण्यासाठी कुणाकडून पैसे घेतले जात असतील, तर मात्र दोन महिने थांबू नका, त्याच दिवशी बाहेर पडा. आणि हे सगळं ठीक असूनही दोन महिन्यांत शाळेचा पत्ता नसेल, तर खुशाल दुसरं केंद्र बघा. जाताना फोनची वही कुणाच्या तरी हातात नीट देऊन जा.

रक्ताचं : पहिल्यांदाच देणारा असेल तर वयाची मर्यादा ६० आहे, पण आधी दिलेलं असेल तर ६५ पर्यंत देता येतं. तुम्ही रेल्वेच्या शिबिरांत दिलेलं आहे, म्हणजे वय आड येत नाही. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका, रक्तपेढीतले डॉक्टर तपासून सांगतील. तुमची तारीख ठरली की यादीत स्वतःचंही नाव घाला.